ख्वाजाचाचांचे कान

मामाच्या दुकानात जुन्या वॉशरांचा एक डबा आहे. त्यात मुद्दाम कुणी काही टाकत नाही, तरी तो कायम भरलेला! किस्स्यांचंही तसंच झालंय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कॉलेजच्या मैत्रिणी दुकानात टपकतात, "ए शैले, ते नोझलचं सांग ना" म्हणतात, आणि मी एक काढायला गेले की हाताला चार लागतात.

दुकान परभणीत, जिंतूर रोडला. काम डिझेल गाड्यांचे पंप आणि नोझल दुरुस्त करायचं. नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा बारीक फवारा सोडणारी तोटी. फवारा नीट पडला तर गाडी पळते. थेंब टपकायला लागले की काळा धूर, मग ठोके, आणि तरीही दामटली तर पिस्टनला भोक.

मी बी.एस्सी. होऊन मानवतला घरी नखं कुरतडत बसले होते. मामा म्हणाला, "पाठवा दुकानात, पावत्या लिहील." अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अट घातली, "एक तक्रार जरी मानवतपर्यंत आली, तर पोरगी परत. मग मी स्थळ बघणार, अन् तिनं हूं की चूं करायचं न्हाई!"

त्यात विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद, एसटी सुटेल की नाही याचा नेम नाही. आणि मी वाटी पडली तरी दचकणारी!

*

दुकानातले मुख्य मिस्त्री ख्वाजाचाचा. आयुष्यभर इंजिनाला कान लावून लावून चाचांचे कानच गेलेले.

खराब नोझल शोधायची आमची रीत सोपी. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला करायचा. नट ढिला झाला की तेवढ्या सिलिंडरचं डिझेल बंद. आवाज लंगडला, तर ते सिलिंडर चांगलं. लंगडलाच नाही, उलट ठोका थांबला, तर चोर तोच!

पहिल्याच दिवशी एक ट्रक आला. चाचांनी पहिला नट ढिला केला. इंजिन लंगडलं, मी दचकून उडाले. दुसरा, उडाले. तिसरा, उडाले. चौथ्याला मी शांत.

चाचांनी पाना खाली ठेवला. "मिल गया. चार नंबर!"

मामा चाट. "चाचा, तुम्हाला ऐकू आलं?"

"नै. बेटी उछली नै!"

त्या दिवसापासून मी पावत्यांवरून उठून चाचांच्या कानांच्या जागी बसले. दचकण्याचा कुठं उपयोग होतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

*

एकदा मानवतचा कापसाचा ट्रक आला. मानवत म्हटलं की मला अण्णांची अट आठवायची! तपासणी झाली तेव्हा ड्रायव्हर चहाला गेला होता. आल्या आल्या त्यानं विचारलं, "ताई, नोझल कसं हाय?"

"एक नंबर!" मी म्हणाले.

त्याला काय आनंद झाला! "मग निघतो" म्हणाला, आणि मी पावतीवरून मान वर करेपर्यंत ट्रक गेलासुद्धा.

संध्याकाळी एका ट्रॅक्टरनं तोच ट्रक दोर लावून ओढत आणला. "ताई, तुमी तर एक नंबर म्हणला होता!"

"बरोबरच म्हणली ती," मामा बॉनेट उघडत म्हणाला. "एक नंबरच गेलंय."

मी हात जोडले. "भाऊ, आमच्या अण्णांना नका सांगू."

"तुमच्या अण्णांचं कुठं घेऊन बसलाव ताई! मी माझ्या मालकाला काय सांगावं, या फिकरीत हाय!"

*

तक्रारीच्या भीतीनं माझी दचक आणखी वाढली. एका सकाळी गावात कुजबुज होती की बंद होणार. सगळ्यांची शटरं अर्धी वर, अर्धी खाली. प्रत्येक जण शेजाऱ्याकडं बघायलाय. तेवढ्यात आमच्या कॉम्प्रेसरचा पाइप फाटला. फाट्कन आवाज झाला आणि मी किंचाळले!

धडाधडा शटरं पडली. टायरवाला गेला, हॉटेलवाला गेला, सायकली आडव्या टाकून माणसं बोळात गेली.

थोड्या वेळानं हॉटेलवाल्यानं शटर वीतभर उचलून, आडवं पडूनच विचारलं, "मामा, कोणी केला बंद?"

मामा म्हणाला, "आमच्या भाचीनं."

*

नोझल काढलं की हाताच्या टेस्टरवर लावतात. दांडा दाबला की चांगलं नोझल धुक्यासारखं फवारतं. ताडकळसचे एक पाटील ट्रॅक्टरचं नोझल घेऊन आले होते. ते धुकं बघून असे हरखले, की मला वाटलं काम पसंत पडलं.

"लय बारीक मारायलंय की हो!"

"आता ट्रॅक्टर बघा कसा चालतो," मामा खुशीत.

"ट्रॅक्टरचं मरू द्या. हे असंच माझ्या पाठीवर बांधून द्या. कापसाला औषध मारतो!"

*

आता एका शब्दाचा किस्सा.

टेस्टरवर चांगलं नोझल कुर्र कुर्र करतं. त्याला चाचा म्हणत, "बोलायलंय." आणि थेंब टाकणाऱ्या नोझलला म्हणत, "मुतायलंय." परभणीतले सगळे मिस्त्री हेच म्हणतात, त्यांना त्यात काही वाटत नाही. माझ्या तोंडून मात्र निघेना. मी आपलं म्हणायची, "गळायलंय."

पण दुकानाच्या भाषेत 'गळायलंय' म्हणजे पाइपाचा नट बाहेरून गळतोय! एका जीपच्या वेळी मी असंच म्हणाले. चाचा नट आवळत राहिले. गाडी धूर ओकत राहिली. शेवटी नटाचे आटे गेले.

मामा भर रस्त्यात ओरडला, "शैले, गळायलंय का मुतायलंय, नीट सांग!"

मी चाचांच्या कानाशी पुटपुटले.

"क्या?"

पुन्हा पुटपुटले.

"क्या, बेटी?"

शेवटी पावतीच्या मागं लिहून दिलं, 'लघवी'. चाचांना फक्त उर्दू वाचता यायचं. त्यांनी कागद जीपवाल्यापुढं धरला.

जीपवाल्यानं वाचलं, चाचांना दंडाला धरलं आणि मोठ्या मायेनं म्हणाला, "चाचा, त्या भिंतीमागं जावा."

जीपवाला मानवतचा निघाला. आटे गेल्याची तक्रार अण्णांपर्यंत पोचली.

*

अण्णा रविवारी पाहुणे घेऊनच आले. मुलगा परभणीतच बँकेत, आईवडील सोनपेठचे. आणि गाडी मुलाच्या मामाची! मुंबईहून आणलेली, परदेशी, सहा सिलिंडरची, शंभराच्या वर पळणारी डिझेल कार. ती काळा धूर सोडत, ठोके देत दुकानासमोर येऊन थांबली. चाचांना कोण अडवणार? त्यांनी बॉनेट उघडलं.

अण्णांनी मला आत गाठलं. "मुलाच्या आईला चाललं तर कर दुकान. न्हाईतर उद्या सकाळच्या एसटीनं मानवत. आज दुकानातला एक शब्द तोंडातून काढू नको!"

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. बाकावर आधी आई, मग वडील, मग मुलगा. मामासाहेब स्टिअरिंगवर.

चाचांनी पहिला नट ढिला केला. इंजिन लंगडलं, ट्रेमधल्या बश्या खडखडल्या. दुसरा. खडखडल्या. तिसरा, आणि ठोका थांबला.

बश्या गप्प.

पण चाचांना बश्या कुठून ऐकू येणार? आणि अण्णांचे डोळे माझ्यावर, म्हणून मी उडायचंही दाबून धरलेलं. "बेटी, कौन?" चाचा ओरडले.

"तिसरं," मी हळूच म्हणाले.

"क्या?"

"गळायलंय... म्हणजे..." मी जरा आवाज चढवला.

चाचांनी मान डोलावली आणि तिसरा नट आवळायला घेतला!

ठोका पुन्हा सुरू झाला. "झालं वाटतं," म्हणत मामासाहेबांनी अॅक्सिलरेटर पार खाली दाबला. ठाक् ठाक् ठाक्! मला आतला पिस्टन दिसायला लागला. भोक दिसायला लागलं. मानवतची एसटी दिसायला लागली. मी डोळे गच्च मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून किंचाळले, "चाचाऽ, तीन नंबर मुतायलाय!"

मामासाहेबांनी घाबरून इंजिनच बंद केलं. रस्ता चिडीचूप.

बाकावर तीन नंबरला बसलेला मुलगा दचकून उठला आणि आपल्या पँटकडं बघायला लागला!

त्याची आई अण्णांकडं वळली. "लहानपणी होती त्याला ती खोड. पण तुमच्या पोरीला कुणी सांगितलं?"