उलट कापलेली खाच

हे मी बायकोपाशीही बोललो नाही. ती गेली, तरी नाही. तुमाले सांगून राह्यलो — काऊन, ते मलेच माहीत नाही.

आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये मी फिटर होतो. शाळा चौथीपुरती. पण सरकी काढणाऱ्या मशीनचा रोलर माझ्याशिवाय कोणी हातात घेत नव्हतं. चामड्याचा गोल रोलर. त्याच्यावर मळसुतासारख्या तिरप्या खाचा पाडा लागतात. खाचा झिजल्या का कापूस ओढल्याच जात नाही. मी नुसत्या नजरेनं अंदाज घेऊन करवत चालवायचो. माज होता मले — हो, माजच.

करुणा माझी पोरगी. तिले पॉलिटेक्निकले मीच घातलं, गावभर सांगत फिरलो. तिनं कॉम्प्युटरवर आमचा रोलर काढला. गोल अंगावरून खाच कशी वळते, कुठं किती खोल जाते — सारं फिरवून फिरवून दाखवलं. कापूस जोरात ओढावा म्हणून खाचेचा तिरपेपणा तिनं वाढवला होता. शेठ म्हणाला, हे चाललं तं पोरीले इथंच कामावर घेतो. मग माझ्याकडे पाहून हसला, "मिस्त्री, अब दिमाग बेटी का, हाथ आपका."

सारे हसले. करुणाही हसली, मायेनंच. मी काय, पोरीचा हमाल झालो का?

तिनं खाचांचं चित्र पातळ कागदावर छापून देल्लं. "बाबा, हा रोलरले गुंडाळा. शाई वरतून ठेवजा, नाही तं खाच उलटी वळते." जाता जाता पुन्हा तेच सांगून गेली.

मी शाई आत ठेवली. चुकून राहिली नाही — ठेवली. मागून रेषा दिसत होत्या, त्याच्यावरून करवत फिरवली. मशीन चालू केली तं कापूस एका बाजूले सरकून तुंबला, चामडं जळाचा वास सुटला. शेठनं विचारलं. मी म्हणालो, कागदात होतं तसं कापलं. एवढंच. खोटं बोलाले शब्द लागतात तरी किती?

करुणानं रोलरवर हात फिरवला. मग माझ्याकडे पाह्यलं. तिले समजलं होतं. अन् ती शेठले म्हणाली, "माझंच चुकलं."

लागणारं काम गेलं तिचं.

यवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. पुढच्या हंगामात मी तिच्याच तिरपेपणानं खाचा पाडल्या, सुलट. मशीन अशी चालली का दुसऱ्या जिनिंगवाले पाहाले आले. शेठनं माझंच डोकं समजून सगळ्याईसमोर शाल देल्ली. मी घेतली.

करुणा आता नार्नूरले शाळेत कारकून आहे. परवा तिच्या पोरीनं विचारलं, "आई, तू ते कॉम्प्युटरवरचं डिझाईन काऊन सोडलं वं?"

करुणा भाजी निवडून राह्यली होती. वर न पाहता म्हणाली, "मले जमलं नाही."

मी तिथंच बसलो होतो.