हिरव्या पिशवीतलं हिरवं रीळ

बाळांनो,

उन्हाळ्यात तुम्ही दोघं लखनौला याल, तेव्हा आजोबा तुम्हाला मासे पकडायच्या दोन रॉडची गोष्ट सांगतील. ते ती छान रंगवून सांगतात आणि त्यातली माझी चूक गाळतात. चांगुलपणानेच गाळतात, पण ती गाळली तर गोष्टीत काही उरत नाही. म्हणून त्यांच्या आधी मी लिहून पाठवते आहे. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

पहिला रॉड बांबूचा. आजोबा रेल्वेत पुलांचे इंजिनियर असताना त्यांच्या एका साहेबांनी निवृत्त होताना तो त्यांना दिला. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेला, मधाच्या रंगाचा, तीन तुकड्यांत सुटा होणारा. रजा मिळाली की आम्ही कुमाऊँच्या नदीवर जायचो. आजोबा गुडघाभर पाण्यात, मी दगडावर बसून विणकाम करायची. त्या रॉडसाठी पिशवी मीच शिवली, हिरव्या पडद्याच्या उरलेल्या कापडाची.

या प्रकारच्या मासेमारीत आमिष म्हणजे पिसांचा एक चिमुकला गोंडा. त्याला वजनच नसतं, त्यामुळे तो फेकता येत नाही. फेकायची असते ती दोरी. ती जाड आणि जड असते. रॉड मागे नेला की ती हवेत मागे उलगडते, तिच्या वजनाने रॉड वाकतो, आणि पुढे आणताना तो सरळ होतो तेव्हा दोरीला पुढे ढकलतो. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, आजोबा नदीला झोडपताहेत.

मग त्यांचा उजवा खांदा आखडला. रॉड कपाटात गेला. तुमच्या बाबाला वाटलं, हलकं काही असेल तर जमेल. म्हणून त्याने त्यांच्या पंच्याहत्तरीला कार्बनचा नवा रॉड पाठवला. काळ्या नळीत, सोबत दोरी गुंडाळलेलं चकचकीत हिरवं रीळ. त्याच आठवड्यात मी दिवाळीची साफसफाई काढली होती.

माझी लेबलं तुम्हाला माहीत आहेत. फ्रीजवरच्या डब्यापासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत सगळ्याला लेबल. दोन्ही रॉड आणि दोन्ही रिळं पलंगावर मांडली आणि जोड्या लावल्या. नवं हिरवं रीळ हिरव्या पिशवीत, बांबूच्या रॉडचं जुनं काळं रीळ काळ्या नळीत. वर चिठ्ठ्या चिकटवल्या, एक आणि दोन. किती नीटनेटकं दिसत होतं ते!

डॉक्टरांनी थोडी हालचाल करायला परवानगी दिल्यावर आजोबा आमच्या महानगर मोहल्ल्यातल्या पार्कात गेले. मीही गेले. कार्बनचा रॉड ओल्या दोरखंडासारखा लोंबला आणि दोरी त्यांच्या पायाशी गोळा झाली. मग बांबूचा काढला. तो वाकेचना. एरवी नुसत्या मनगटाने फेकणारा माणूस खांद्याने जोर लावायला लागला, आणि तिसऱ्या फेकीला "आई गं" म्हणून बाकावर बसला.

"झालं," ते म्हणाले. "हात गेला माझा. देऊन टाक दोन्ही."

त्या दिवसापासून त्यांनी खांद्याचा व्यायामही सोडला. दाराला टॉवेल अडकवून तो खाली ओढायचा असे, सकाळ-संध्याकाळ. मी आठवण केली की म्हणायचे, "कशासाठी?" चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागले. चार महिने असे गेले. मला रॉडचं काही वाटत नव्हतं. त्या "कशासाठी"ची मात्र मला भीती वाटायला लागली होती.

निशातगंजच्या एका ओळखीच्या दुकानदाराचा मुलगा चहाचं दुकान सजवत होता. भिंतीवर टांगायला जुन्या वस्तू हव्या होत्या. मी दोन्ही रॉड देऊ केले. "रविवारी येऊन घेऊन जातो," असं दुकानदाराने कळवलं.

शनिवारी दुपारी मी सामान बांधायला घेतलं. वस्तू द्यायची तर तिचे कागद सोबत द्यायचे, ही माझी पद्धत. कार्बनच्या रॉडची माहितीपुस्तिका कुणी उघडलेलीच नव्हती. मी ती पहिल्या पानापासून वाचली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की प्रत्येक रॉडचा एक नंबर असतो, दोरीचाही असतो, आणि दोन्ही जुळलेच पाहिजेत. नंबर जितका मोठा तितकी दोरी जड.

मी चष्मा पुसला. कार्बनच्या रॉडवर मुठीच्या वर पाच. बांबूवर पुसट शाईत सात. हिरव्या रिळाच्या खोक्यावर पाच. म्हणजे सातच्या रॉडला मी पाचची हलकी दोरी दिली होती. तिच्या वजनाने तो वाकणार कसा? आणि पाचच्या रॉडवर सातची जड दोरी लादली होती. तो बिचारा तिच्याखाली लोंबला.

आजोबा पेपर वाचत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अहो, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. दोऱ्या मी उलट्या लावल्यात."

त्यांनी पेपर खाली केला. "कशावरून लावल्यास?"

"रंगावरून."

"रंगावरून!" ते पुन्हा म्हणाले. "चार महिने मी या खांद्याला शिव्या घालतोय, आणि ही मॅचिंग करत होती!"

"जन्मभर पूल तपासलेत ना तुम्ही? मग दोरी नाही तपासता आली?"

"पुलांवर तुझं लेबल नव्हतं, बाई."

आणि ते हसले. पोट धरून, खोकला येईपर्यंत. मग रिळं बदलायला दोन्ही हात लावले, उजवाही.

रविवारी सकाळी आम्ही पार्कात. मी कपडे भिजवायचा निळा टब पंधरा पावलांवर ठेवला. दोरीला गळाऐवजी नारिंगी लोकरीचा गोंडा बांधला. फिरायला येणारी मंडळी थांबली. एक मियाँजी रोज भेटतात, ते अदबीने म्हणाले, "भाईसाहब, पहले पानी तो भरवा लेते!"

आजोबांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यांनी रॉड आडवा धरला आणि बाजूने मागे नेला. दोरी गवतावरून मागे गेली. ते थांबले. मला वाटलं, विसरले की काय! पण बांबूचं तसंच असतं. तो सावकाश वाकतो, थेट मुठीपर्यंत, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. मग त्यांनी हात पुढे आणला. खांदा जागचा हलला नाही, मनगट तेवढं वळलं. दोरी हवेत लांब उलगडत गेली आणि गोंडा टबात पडला. टप् असा आवाज झाला. मियाँजींनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी दोरी ओढून घेतली आणि पुन्हा टबात टाकली.

"आता तू," म्हणाले, आणि कार्बनचा रॉड माझ्या हातात दिला. "हा टोकालाच वाकतो. याला फार थांबायला आवडत नाही. छोटी फेक, आणि पटकन थांबव. तुझ्यासारखाच आहे, विचारायच्या आत उत्तर देतो."

माझी पहिली फेक मियाँजींच्या टोपीवर पडली. "बंदा पकड़ा गया!" ते ओरडले. नववी की दहावी टबात गेली. माझं वय तुम्हाला माहीत आहे. मी त्या पार्कात उडी मारली, आणि हे मी लपवणार नाही.

एवढ्यात दुकानदार आम्हाला शोधत पार्कातच आला. आजोबा फेकत होते. तो बराच वेळ पाहत उभा राहिला. मी सांगायच्या आधी तोच म्हणाला, "रहने दीजिए आंटीजी. ये दीवार पर टाँगने की चीज़ नहीं है." मी त्याला मुलाच्या दुकानासाठी पितळेचा जुना स्टोव्ह दिला, तोही लेबलासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरचा टॉवेल हलताना दिसला.

तुम्ही याल तेव्हा रॉडवरचा नंबर आधी वाचा, मग दोरीवरचा. माझ्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवू नका. हिरवी पिशवी आता थोडी उसवली आहे. खांदा अजूनही पूर्ण वर जात नाही, आणि नदीवर जाणं आता होत नाही. बांबूचा रॉड शाबूत आहे, आणि आजोबांची फेक शाबूत आहे.