अक्कांच्या समोर बसून

अक्का हातातले पत्ते कधीच लावत नसत. आम्ही बाकीचे तिघं इस्पिक एकीकडे, बदाम एकीकडे करत बसलेलो असायचो आणि त्या उचलले तसेच पत्ते धरून, एकदा नजर फिरवून, पालथे ठेवून द्यायच्या. "लावायचं काय त्यात? तेराच तर आहेत." मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. तंजावुरातल्या आमच्या क्लबात वकील काय, डॉक्टर काय, सगळे त्यांना अक्काच म्हणत.

मी सोलापूरहून बँकेच्या बदलीवर तिथं गेलो होतो. बायको-मुलं मागेच राहिली होती आणि संध्याकाळ खायला उठायची. क्लबात कुणीतरी म्हणालं, अक्का तुमच्याच भाषेच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातल्या. मी त्यांच्या समोर जाऊन बसलो आणि त्यांचा भिडू झालो. विरुद्ध जोडीत डॉक्टर आणि वकील असायचे.

ब्रिजमध्ये खेळण्याआधी बोली होते. आपली जोडी किती हात करील, कोणता हुकूम ठेवून करील, हे भिडूला पत्ते न दाखवता, बोलीतूनच सांगायचं. अक्कांचा सगळा जीव या बोलीत. खेळताना चुकलं तर त्या काही म्हणत नसत. बोलीत चुकलं की मात्र गाठ त्यांच्याशी. एकदा मी एक इस्पिक म्हटलं, त्यांनी दोन म्हटलं, आणि आधीच्या डावात मार खाल्ल्याच्या रागात मी थेट चारवर उडी मारली. डाव बुडाला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "दोन म्हटलं तेव्हाच मी माझं सगळं सांगून टाकलं होतं. चार तुम्ही कुणाच्या पत्त्यांवर म्हटलं?" मी खुलासा करू लागलो तर हात वर करून, "पोदुम, सोलापूरकर." पुरे. पुढचे पत्ते वाटा.

गप्प राहणाऱ्याचंही ऐका, असं त्या सांगायच्या. डॉक्टर पहिल्या फेरीत 'पास' म्हणाले, तर आपल्याकडे काय नाही ते सांगताहेत. आणि आपल्याकडे नाही ते कधीच बोलायचं नाही. "समोरचा माणूस तुमच्या शब्दावर पुढं जातो हो. त्याला खड्ड्यात घालू नये." हाच नियम त्या घरीदारीही पाळायच्या. लग्नाला येणार नसल्या तर आमंत्रण हातात पडताच सांगायच्या. लोकांना राग यायचा.

मग एका उन्हाळ्यात अक्का पत्ते लावू लागल्या. हळूहळू, एकेक पत्ता उचलून. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं. पुढं त्या दोनदोनदा विचारू लागल्या, वाटले कुणी? बोली कुणाची?

एका संध्याकाळी त्यांनी एक नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमी, म्हटलं. मी दोन चौकट म्हटलं. आमच्यात ठरलेलं होतं, अशा वेळी चौकट म्हणजे बदाम. त्यांनी दोन बदाम म्हणायचं. अक्का बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पास."

आता चौकटच हुकूम ठरली आणि माझ्याकडे चौकटचं एकच पान होतं. डाव कसाबसा संपवला. डॉक्टर मान खाली घालून गुण मांडत बसले. अक्कांनी माझी पानं उलटून पाहिली.

"तुम्हाला बदाम हवे होते."

"होतं असं, अक्का. मीही विसरतो."

"विसरणं वेगळं." त्यांचा आवाज थकलेला होता. "ही बोली मीच तुम्हाला शिकवली ना? तेच मला आठवलं नाही."

पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. मी आणि डॉक्टर त्यांच्या घरी गेलो. त्यांच्यासोबत राहणाऱ्या भाचीनं कॉफी आणली. मी म्हटलं, आपण ठरलेल्या बोली सोडून देऊ, साधंच खेळू. अक्कांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही माझ्यासाठी सगळं सोपं करणार. डॉक्टर माझी चूक दिसूनही डबल म्हणून दंड दुप्पट करणार नाहीत. मग चौघांनी तिथं बसायचं कशाला?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"अजून मला कळतंय," अक्का म्हणाल्या, "तोवरच उठते. दुसरा भिडू बघा."

मला दुसरा भिडू मिळाला, वकिलांचा पुतण्या. बरा खेळायचा. मी मात्र नुसता पत्ते टाकत राहिलो.

निवृत्त होऊन सोलापूरला परत निघायच्या आधी अक्कांना भेटायला गेलो. ओसरीवर आरामखुर्चीत होत्या. भाची म्हणाली, आता तमिळ जवळजवळ गेलं, मराठीच बोलतात. माझ्या मुलांना कळतं, पण मराठीत उत्तर देता येत नाही.

"कोण तुम्ही?" अक्कांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. ओळख पटली नाही. कुठं राहता, जेवलात का, विचारत राहिल्या. निरोपाचं सांगून काय उपयोग, असं वाटत होतं. तरी सांगितलं, "अक्का, मी आता कायमचा जातोय. पुन्हा येणं होईलसं वाटत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"सांगितलंत, बरं केलंत," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी वाट बघत बसले असते."

मी चपला घालेपर्यंत त्यांचा डोळा लागला होता.