टेपताईंचे सात बाक

आमच्या शहराला पाणी कमी पडलेलं चालतं, पण पलीकडच्या शहरापेक्षा काही कमी पडलेलं अजिबात चालत नाही. मधे एक नदी आणि बसचा पाऊण तास, एवढंच काय ते अंतर. त्यांनी बाजाराच्या चौकात कारंजं बसवलं, आम्ही दुप्पट उंचीचं बसवलं. ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं आणि दमलं ते दमलंच. त्यांनी चार तोंडांचं घड्याळ उभारलं, आम्हीही उभारलं. आमची चारही तोंडं वेगवेगळी वेळ सांगतात, म्हणजे वेळही आमच्याकडे त्यांच्या चौपट. आता मी हे चेष्टेनं लिहितोय, पण व्यापारी संघाच्या ज्या बैठकांत हे सगळं ठरलं, त्यांत पहिला हात माझाच वर असायचा.

माझं चष्म्यांचं दुकान आहे, चौकात जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर. तिथून पुढे बरोबर शंभर पावलांवर, चौकाच्या कोपऱ्यात, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली टेपताई बसतात. हे 'बरोबर शंभर' मला त्यांच्यामुळेच कळलं.

जिन्याखाली एक शिलाई मशीन, एक स्टूल, एक इस्त्री आणि भिंतीतल्या खिळ्यांवर रंगीत रिळं, एवढाच त्यांचा संसार. नवीन कपडा त्या शिवत नाहीत. पँट आखूड करायची, चेन बदलायची, बारीक झालेल्या माणसाचे कपडे आत घ्यायचे आणि जाड झालेल्याचे, त्याचं मन न दुखवता, सैल करून द्यायचे. मन न दुखवणं हे अर्थात त्यांना कधी जमलं नाही. "चष्मेवाले, पोट दोन इंच पुढे गेलंय, चष्मा लावून बघा," असं मला भर रस्त्यात ऐकवलंय त्यांनी. गळ्यात कायम टेप, म्हणून टेपताई. त्यांच्याशी भांडायला कोणी धजत नाही, कारण अख्ख्या बाजाराच्या कमरेचं खरं माप त्यांच्या डोक्यात असतं.

त्यांचे यजमान पोस्टमन होते. तीस वर्षं त्यांनी या बाजारात पायी टपाल वाटलं. कुठल्या दुकानाची घंटा बिघडलीय आणि कुठल्या जिन्याची कितवी पायरी मोडकी आहे, हे मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. निवृत्तीनंतर त्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या आकसल्या. शंभर-एकशेदहा पावलं झाली की पोटरीत असा गोळा यायचा की जागच्या जागी थांबावं लागायचं. दोन मिनिटं बसलं की पाय मोकळा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "चालणं हेच औषध. दुखेपर्यंत चाला, बसा, पुन्हा चाला. घरात बसून राहिलात तर पाय हातचा जाईल."

घरापासून जिन्याखालच्या मशीनपर्यंत आठशे पावलं. आणि त्या आठशे पावलांत बसायला एकही जागा नाही. पोस्टमनदादांनी दोनदा प्रयत्न केला आणि मग जे घरी बसले ते बसलेच. समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे मोजायचे आणि बायकोची वाट बघायची. टेपताईंना जगाकडून एकच गोष्ट हवी होती. पाय जाण्याआधी नवरा पुन्हा चालत बाजारात यायला हवा होता.

म्हणून त्या एक दिवस व्यापारी संघाच्या बैठकीत येऊन उभ्या राहिल्या. रस्त्यात थोडे बाक टाका म्हणाल्या. आमचे अध्यक्ष पडद्याच्या कापडाचे व्यापारी. त्यांनी हसून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ताई, बाक टाकला की रिकामटेकडे येऊन बसतात. गिऱ्हाईक कधी बसत नसतं, ते चालत असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं वाक्य मलाच इतकं आवडलं की घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी काचांच्या कामासाठी पलीकडच्या शहरात निघालो, तर बसमध्ये शेजारी टेपताई. मांडीवर वही, गळ्यात टेप.

"तुम्ही कुठे?" मी विचारलं.

"तुमच्या दुश्मनाकडे," त्या म्हणाल्या. "चला, काम झालं की बाजार दाखवते."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा आमच्या शहराचा स्वभाव, आणि मी काही त्याला अपवाद नाही. त्यांचा बाजार बघताना मी मनात गुण वजा करत होतो. रस्ता आमच्यापेक्षा अरुंद. दुकानांच्या पाट्या जुनाट. चौक आमच्यासारखा ऐसपैस नाही. चष्म्याच्या दुकानातल्या फ्रेमा तर पाच वर्षांपूर्वीच्या. पण थोड्या थोड्या अंतरावर लाकडी बाक होते, आणि टेपताई प्रत्येक बाकापाशी थांबून वहीत रेघ ओढत होत्या. तासाभराने माझेच पाय बोलायला लागले. मी बसलो. बसल्यावर बरं वाटलं, याचा मला रागच आला.

शेजारी एक आजी पिशवी घेऊन बसल्या होत्या. दोन मिनिटांनी उठल्या, समोरच्या दुकानात गेल्या, दोन वस्तू घेतल्या, पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. पलीकडे दोन म्हातारे एकच वर्तमानपत्र वाचत होते. एकाने ते हातभर लांब धरलं होतं. त्याचा नंबर वाढला होता, हे मला चार हातांवरूनही कळलं.

"आपल्या बाजारात शेवटचं म्हातारं माणूस कधी पाहिलंत?" टेपताईंनी विचारलं.

मी आठवू लागलो आणि आठवेना. वाचायच्या चष्म्याचं माझं गिऱ्हाईक तीन वर्षांपासून आटत चाललं होतं. मी मोबाईलला शिव्या घालत होतो, घरबसल्या चष्मे मागवणाऱ्यांना शिव्या घालत होतो.

"घरी बसलंय तुमचं गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या. "चालायला बसावं लागतं, चष्मेवाले."

परतीच्या बसमध्ये मी त्या तीन वर्षांचा हिशोब पुन्हा मांडला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्या काउंटरखाली होता.

पुढच्या बैठकीत टेपताईंनी या वेळी काहीच मागितलं नाही. वही उघडली आणि एवढंच वाचलं, "पलीकडे एकतीस बाक. आपल्याकडे शून्य." अध्यक्ष उठून उभे राहिले. पाच मिनिटांत ठराव झाला, चाळीस बाकांचा. कारंज्यालाही एवढी घाई झाली नव्हती. बाई हुशार, आमची दुखरी नस त्यांनी बरोबर टेपने मोजून घेतली होती.

पण आम्ही ते आम्हीच. चाळीस बाक आले आणि चाळीसच्या चाळीस चौकात, कारंज्यासमोर, पाच रांगांत मांडले गेले. का, तर गच्चीवरून एकाच फोटोत सगळे यावेत. फोटो छापूनही आला. प्रत्यक्षात चौक एखाद्या दवाखान्यासारखा दिसत होता, जिथे डॉक्टर यायचेच बाकी आहेत. तिथे कोणी बसेना. बसून बघायचं काय, तर बंद कारंजं आणि खोटं घड्याळ.

टेपताई त्या रांगांसमोर उभ्या होत्या. मी पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले बघितले. "हे चौकापर्यंत पोचले असते, तर यांना बाक लागलाच कशाला असता?" त्या म्हणाल्या. मग पदराला डोळे पुसून मशीनवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ताभर निळ्या खडूच्या फुल्या होत्या. कापडावर खुणा करायचा तो चपटा खडू. यजमानांचं आताचं एक पाऊल किती, हे त्यांनी घरात टेपने मोजलं होतं: चौदा इंच. त्या मापाने दर शंभर पावलांवर एक फुली. पहिली किराणावाल्यासमोर, दुसरी न्हाव्यासमोर, अशा सहा झाल्या, आणि सातवी माझ्या पायरीशी, निवडुंगाच्या कुंड्यांच्या अगदी पुढ्यात.

"प्रत्येक फुलीवर एक बाक. सात बाक हलवून द्या," त्या दारोदार सांगत फिरल्या. बाक असावेत हे आता सगळ्यांना पटलं होतं. फक्त ते शेजाऱ्याच्या दुकानापुढे असावेत, एवढंच म्हणणं होतं. न्हावी तेवढा लगेच तयार झाला. त्याला रांगेसाठी जागा हवीच होती. हळूहळू बाकीचेही वाकले. आठवड्यात सहा बाक जागेवर गेले. हत्ती गेला आणि शेपूट माझ्या दारात अडकलं.

कारण त्या कुंड्या. दोन वर्षांपूर्वी एका भर दुपारी एक म्हातारा माझ्या पायरीवर येऊन बसला होता, पोटरी धरून. मी काउंटरवरूनच ओरडलो, "अहो बाबा, उठा, गिऱ्हाइकाची वाट आहे ती." तो "चुकलं हं" म्हणाला आणि लंगडत गेला. त्यानंतर कोणी बसू नये म्हणून मी पायरीवर निवडुंग मांडले. ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. फुलीकडे बघताना ती आठवली, आणि तो चेहराही आठवला. रोज सकाळी अकराला माझ्या दारात टपाल टाकणारा चेहरा. गणवेश नव्हता, म्हणून मी ओळखला नव्हता. लोकांच्या नजरा तपासण्यात माझा जन्म गेलाय!

मी तसाच जिन्याखाली गेलो. "ताई, त्या दिवशी पायरीवर तेच होते ना?"

त्यांनी मशीन थांबवलं नाही. "होते."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत? त्या दिवशी बसमध्ये तरी?"

"बोलले असते तर तुम्ही माफी मागितली असती," त्या म्हणाल्या, "आणि कुंड्या तिथेच राहिल्या असत्या."

मला लाज वाटली, आणि ती लपवण्यात काही अर्थ नव्हता. कुंड्या मी स्वतः उचलल्या, काटे रुतले ते मुकाट काढले. किराणावाला, न्हावी, अध्यक्ष आणि मी, चौघांनी मिळून चौकातला बाक माझ्या दाराशी आणला. अध्यक्ष धापा टाकत पहिल्यांदा त्यावर बसले आणि म्हणाले, "बरं वाटतंय हो!"

दोन दिवसांनी पोस्टमनदादा आले. ते येताहेत हे मला आधी कळलं ते न्हाव्याच्या ओरडण्यावरून, "दुसऱ्यावर पोचले!" मग पुढचा दुकानदार ओरडला, मग त्याच्या पुढचा. जणू कोणी परदेशी पाहुणाच येत होता. माझ्या बाकावर पोचायला त्यांना जवळजवळ पाऊण तास लागला. बसले. पोटरी चोळली. मी पाणी दिलं आणि म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी..."

"तुमच्या टपालाच्या पेटीचं झाकण अजून अडकतंच का?" त्यांनी विचारलं. "थोडं तेल घाला."

एवढंच. मी मान हलवली. पुढे जिन्याखाली टेपताई मान खाली घालून मशीन चालवत होत्या. एकदाही वर बघितलं नाही त्यांनी. नंतर मला म्हणाल्या की त्या दिवशी त्यांनी एकाच पँटची एकच शिवण चार वेळा मारली. बघितलं असतं तर धावत गेल्या असत्या, आणि ते दादांना आवडलं नसतं. दादा उठले, शेवटची शंभर पावलं चालले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. ताईंनी गळ्यातला टेप काढला आणि त्यांच्या कमरेला लावला. "तीन इंच बारीक झालात," त्या म्हणाल्या. "उद्या ही पँट घेऊन या. चालतच या."

ते रोज येऊ लागले. त्यांच्या मागोमाग इतरही यायला लागले. माझ्या बाकावर आता सकाळी जागा मिळत नाही, आणि वाचायच्या चष्म्याचा खण मी पुन्हा वर आणलाय. मध्यंतरी वही घेतलेला एक माणूस फुल्यांच्या खुणा निरखत हिंडताना दिसला. पलीकडचा होता. मी त्याला बोलावून पाणी पाजलं, आणि किती बाक आहेत हे सांगण्याऐवजी किती पावलांवर आहेत ते सांगितलं.

रोज अकराच्या सुमारास मी बाक पुसतो आणि एक कोपरा दादांसाठी मोकळा ठेवायला सांगतो. गेल्या आठवड्यात असाच पुसून उभा होतो. दादा आले. एक हात वर करून हसले आणि न थांबता, तसेच पुढे चालत गेले. मी बाकाकडे बघितलं, त्यांच्या पाठीकडे बघितलं. एवढा घासूनपुसून ठेवलेला बाक, आणि हा माणूस बसत नाही म्हणजे काय! मला मनापासून राग आला. मग मी फडकं डोळ्यांना लावलं आणि दुकानाच्या दारात उभा राहून त्यांची पावलं मोजू लागलो. शंभर झाली तेव्हा ते जिन्याखाली पोचले होते.