आईचा बारीक डोळा

कॅलेंडरवरची होडी आईला कधीच पटली नाही. शीड पुढे फुगलेलं आणि डोलकाठीवरचा बावटा मागे फडफडणारा. "वारे काय दोन-दोन हायत काय?" ती फणकारायची. दांडी गावातल्या आमच्या घरात भिंतीवर चित्र लागलं की आधी त्याची झडती व्हायची. देवाची तसबीरही त्यातून सुटली नाही. सावली कुठे पडलीय, हातातलं ओझं खरं वाटतं का, असं ती मलाच विचारायची. नीट बघायची खोड मला तिनेच लावली.

ती गेली. बाराव्याला हार घालायला फोटो हवा, म्हणून भावाने मोबाइलमधला तिचा फोटो बोईसरच्या एका स्टुडिओत दिला. फ्रेम घरी आली आणि माझं डोकंच फिरलं. धड कुणा दुसऱ्याच बाईचं, जरीच्या साडीतलं. मागे गुलाबी ढग. आणि उजवा डोळा टक्क उघडा.

आईचा उजवा डोळा बारीक होता. होड्या परतायच्या वेळी चमचमत्या पाण्याकडे बघून बघून तो तसाच राहिला होता. स्टुडिओवाल्याने डावा डोळा उचलून उजवीकडे चिकटवला होता. त्याच्या खालचा तीळही सोबत आला होता. माझ्या आईला दोन तीळ!

"चांगली दिसते की," भाऊ म्हणाला. "चार लोक येतील उद्या."

"चांगली दिसते. पन आपली आई नाय हाय ती."

फ्रेम काखेत मारून मी तडक बोईसर गाठलं.

"मॅडम, एक आँख छोटी थी, हमने ठीक कर दी," स्टुडिओवाला कौतुकाने म्हणाला.

"बिघडलं काहीच नव्हतं," मी म्हणाले. "होता तसा काढून द्या. ढगसुद्धा नकोत." तो हसला. नवा फोटो हातात पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर लागला. विटकी सुती साडी, मागे वाळत घातलेले बोंबील, एक डोळा बारीक. भाऊ तोंड फिरवून बसला. बसू दे म्हटलं. माणूस गेलं म्हणून त्याचा चेहरा दुरुस्त करायचा हक्क कुणालाच मिळत नाही, पोटच्या पोरालाही नाही.

शेजारची काकी आली. जन्मभर आईच्या शेजारी उभी राहून तिने होड्यांची वाट पाहिलेली. ती फोटोसमोर थांबली, पदर डोळ्याला लावला.

"बग," ती भावाला म्हणाली, "अजून तुज्या बापाची होडीच बगते हाय."

भाऊ उठला आणि त्याने हार घातला.