दोरावरची गोधडी

सर्जेराव घाटगे पहिल्यांदा आमच्या दारात आले ते गोधडी मागायला. साल एकोणीसशे अठ्ठावन्न, जयपुरातलं बनीपार्क, आणि महिना जूनचा! बाहेर लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, चाललेला, आम्ही ओले पंचे डोक्यावर घेऊन बसलेलो, आणि हा सहा फुटी मिशाळ गडी म्हणतो, "वहिनी, एखादी जुनी जाड गोधडी असेल का हो?" मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलेलं दिसतंय बिचाऱ्याचं.

आमचे हे, म्हणजे उमाकांत, एका विमा कंपनीत होते. ट्रक उलटला, मोटार खड्ड्यात गेली, की नुकसान बघायला जायचं हे यांचं काम. सर्जेरावांची नि यांची गाठ अशीच रस्त्यावर पडलेली. सर्जेराव मूळचे साताऱ्याकडचे. लढाईत ब्रह्मदेशात चिखलात रुतलेल्या लष्करी गाड्या ओढून काढायचे. लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेल्या डिस्पोजलमधली एक ओढगाडी घेतली, पुढं विंच, म्हणजे दोर गुंडाळायचं चक्र, त्यावर तारेचा दोर, आणि राहिले जयपुरातच. का राहिलात, असं विचारलं तर म्हणायचे, "गाडी इथं मिळाली." हे काय उत्तर झालं? पण त्यांच्याजवळ दुसरं नव्हतं. बायकामुलं नाहीत. सीकर रस्ता असो की अजमेर रस्ता, ट्रक वाळूत बसला की सर्जेरावांना बोलावणं.

गोधडीचं कोडं त्यांनी ओट्यावर बसून, ताकाचा पेला हातात घेऊन सोडवलं. तारेचा दोर ताणात असताना तुटला तर उलटा फिरतो आणि वाटेत येईल त्याला कापतो. त्यांचा जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत तसा गेला होता. दोरावर ओली, जड गोधडी टाकली तर तुटलेला दोर तिच्या वजनानं जागीच खाली पडतो. "इथली रजई टाकून बघितली, वहिनी. उडाली!" जयपूरच्या रजईची ती ख्याती, हलकी म्हणून दिल्लीपर्यंत नाव, आणि या गृहस्थाला हवी होती जड! मी पोट धरून हसले. मग आतून माझी माहेरची, जुन्या लुगड्यांची सात पदरी गोधडी आणून दिली.

"एक सांगून ठेवतो," जाताना म्हणाले. "ज्या दिवशी माझ्या दोरानं माणूस जखमी होईल, त्या दिवशी गाडी विकीन. पालीच्या खंडोबाची आण."

आणि पाळत होते हो! दोर जेवढा लांब तेवढ्या अंतरात कुणी उभं राहायचं नाही, दोरावरून ओलांडायचं नाही, हात तर लावायचाच नाही. माणूस ऐकत नसेल तर इंजिन बंद करून खाली बसायचे. ड्रायव्हर लोक हात जोडायचे, चिडायचे, "फौजी, देर हो रही है!" म्हणून ओरडायचे. सर्जेराव ढिम्म. सगळ्या सीकर रस्त्यावर त्यांचं नाव गुदडीवाला फौजी पडलं. आमचे हे म्हणायचे, या भागात ट्रक ओढताना माणसं जायबंदी होतात ती दुसऱ्यांच्या दोरांवर, सर्जेरावांच्या दोरावर एकही नाही.

अडीच वर्षांत त्या गोधडीच्या उन्हानं, डिझेलनं, वाळूनं चिंध्या झाल्या. एकसष्टच्या जानेवारीत मी नवी शिवली. "रंग कसलाही चालेल," ते म्हणाले होते, "वजन बघा." आता मी काय केलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू झालं. माझी अक्कल अशी, की लांबून दिसली पाहिजे. म्हणून वरच्या अंगाला सासऱ्यांची दोन पांढरी धोतरं लावली. शुभ्र, स्वच्छ, घोटीव टाके. मला इतकी ऐट वाटत होती की त्या रविवारी सीकर रस्त्यावर चौमूं गावाच्या अलीकडे एक हरभऱ्याच्या पोत्यांचा ट्रक उतरणीला घसरलाय असं कळलं, तेव्हा मीही यांच्याबरोबर जीपमध्ये चढले. माझी गोधडी काम करताना बघायची होती मला!

सकाळचे दहा वाजले असतील. ट्रक रस्त्याच्या कडेखाली वाळूत तिरपा. दोर लावला, विंच फिरली, ट्रक इंच इंच वर यायला लागला. दोरावर मधोमध माझी ओली गोधडी पसरलेली, तिची टोकं दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकलेली. ट्रक निम्मा चढल्यावर विंच थांबवली, आणि ट्रकचा ड्रायव्हर मागच्या चाकांखाली दगड लावायला वाकला. दगड बसेपर्यंत सगळा भार त्या दोरावर होता.

तेवढ्यात सीकरकडची बस आली आणि थांबली.

लोक खिडकीतून बघतात, पुढं जातात, असं मला वाटलं. पण बसमधून माणसं उतरायला लागली. कुणी बोलेना. पुरुषांनी पागोटी काढली, बायकांनी पदर तोंडावर ओढला, आणि सगळे हळूहळू गोधडीभोवती गोळा व्हायला लागले. मला काही उमजेना. लोक लांब जाण्यासाठी टाकलेली वस्तू, आणि लोक तिच्याकडेच का येताहेत? सर्जेराव वरून ओरडत होते, "हटो! दूर हटो!" ते जितके ओरडत तितके लोक दाटत होते. एका म्हाताऱ्यानं तर गोधडीपाशी पैसा ठेवून हात जोडले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रस्त्यावर घसरलेला ट्रक, आणि शेजारी पांढऱ्याखाली झाकलेलं काहीतरी लांबट. अगं बाई गं! त्यांना तिथं मयत दिसत होतं.

एक म्हातारी गर्दी फोडून पुढं आली. "कुण छै रे? कुण छै?" कोण आहे, कोण आहे, एवढंच ती विचारत होती. तिचा मुलगा याच रस्त्यावर ट्रक चालवायचा आणि चार दिवस घरी आला नव्हता, हे आम्हाला मागाहून कळलं. मी ओरडले, "अहो आजी, हात लावू नका! खाली कोणी नाही!" मराठीत ओरडले मी, मेली. तीन वर्षं जयपुरात, पण घाबरल्यावर तोंडातून हिंदीचा एक शब्द फुटला नाही.

सर्जेराव दोर सैल करू शकत होते. पण सैल केला असता तर ट्रक मागं घसरून दगड लावणाऱ्या ड्रायव्हरच्या अंगावर गेला असता. मी त्यांचं तोंड बघितलं. एकदा ट्रककडे, एकदा म्हातारीकडे, पुन्हा ट्रककडे. मग त्यांनी गाडीतून उडी मारली आणि जिथं कुणाला उभं राहू देत नव्हते तिथंच धावत गेले. म्हातारीनं गोधडी उचलली होती. त्यांनी तिला खांद्यानं बाजूला लोटलं. आणि दोर तुटला.

आवाज एवढासा झाला. ड्रायव्हरचे दगड तोवर बसले होते, ट्रक जागीच राहिला. म्हातारी वाळूत पडली, तिला खरचटलंसुद्धा नाही. सर्जेरावांचा उजवा हात मात्र कोपराखाली उरला नव्हता. यांनी आपल्या पंच्यानं दंड करकचून बांधला. म्हातारी उठली, रिकाम्या जमिनीकडे बघितलं आणि रडायचं सोडून मला विचारू लागली, कोणी नव्हतं तर झाकलं कशाला?

इस्पितळात आठव्या दिवशी सर्जेरावांना धड शुद्ध आली. मी म्हटलं, "माझी चूक झाली, भाऊजी. ती पांढरी धोतरं..." तर ते ऐकेचनात. त्यांचं भलतंच चाललेलं. "साहेब," यांना म्हणाले, "दोरानं जखमी झालो तो मीच. मी धरायचा का शपथेत? का नाही?"

आमचे हे विम्यातले! गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आमच्या विम्याच्या नियमात भरपाई परक्या माणसाची, गाडीच्या मालकाला त्यात धरत नाहीत."

माझं टाळकंच सरकलं. "मालक माणूस नाही का?" मी म्हटलं. "रक्त काय पाण्याचं आहे त्यांच्या अंगात? भाऊजी, तुम्ही माणूस आहात. धरायचं!"

त्यांना तसं म्हणणारं कुणी कधी भेटलं नसावं. महिन्याभरात त्यांनी गाडी शहरातल्याच एका गॅरेजवाल्याला विकली. मला बरं वाटलं. खरंच सांगते, जीव भांड्यात पडला माझा.

मग एप्रिलात हे संध्याकाळी घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. बगरूजवळ दोर तुटला होता. तीच गाडी, नवा मालक, दोरावर काही टाकलेलं नव्हतं, आणि माणसं खेटून उभी. छपाईचं कापड वाळत घालायला निघालेला एक माणूस जागच्या जागी गेला. दोन लेकरांचा बाप.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव आले. त्यांना कळलेलं होतं. ओट्यावर बसले, डाव्या हातानं चहाची कपबशी सांभाळत म्हणाले, "वहिनी, मी विकली नसती तर तो वाचला असता का?"

मी हो म्हणावं तर त्यांना मारल्यासारखं, नाही म्हणावं तर खोटं. आणि त्यांना माणसात धरा असं सांगणारी मीच. ते सांगितलं ते चुकलं का? आज इतकी वर्षं झाली, मला कळलेलं नाही. मी चहा आणखी हवा का, एवढंच विचारलं.

पंधरा दिवसांनी यांनी त्यांना अजमेर रस्त्यावर पाहिलं. गॅरेजवाल्याची गाडी एक टेम्पो ओढत होती, आणि सर्जेराव डाव्या हातात लाल फडकं घेऊन गर्दी हटवत होते. कुणी बोलावलेलं नव्हतं, कुणी नेमलेलं नव्हतं. गॅरेजवाला हाकलून दमला होता. हिंदीत सांगितलं की लोक वाद घालतात, म्हणून सर्जेराव साताऱ्याच्या अस्सल शिव्या हासडत होते. काही न कळून लोक बावचळायचे आणि चार पावलं मागं सरायचे.

यांनी विचारलं, "अहो, गाडी तुमची नाही, दोर तुमचा नाही, मग हे कशापायी?"

"ते मलाही नीट कळत नाही, साहेब," सर्जेराव म्हणाले, आणि पुढं सरकलेल्या एका माणसाच्या अंगावर ओरडले, "ए, मागं हो की रं! तूबी माणूसच हाईस!"