मिस मारणे

मिस हा शब्द मला शाळेने नाही, नवऱ्याने शिकवला. मोताळ्यात आमचे कृषी केंद्र होते आणि घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावले की हे माझ्या फोनवर एक मिस मारायचे. म्हणजे निघालो, तवा ठेव. ‘मिस कॉल’ असे लांबलचक म्हणायला आमच्याकडे कोणाला सवड आहे! चुकून उचलला तर घरी आल्यावर बोलणी ठरलेली.

“काऊन उचलला व? मिस होता ना तो!”

पुढे फोनवर बोलणे जवळजवळ फुकट झाले, तरी यांचा मिस सुटला नाही. चिक्कूपणा हाडात मुरलेला, दुसरे काय! मी पिठात हात घालायची, आणि पहिली भाकरी फुगते न फुगते तोच दारात गाडी वाजायची.

हे गेले, दुकान विकले. फोन आता दिवसभर कशाकशासाठी वाजतो, संध्याकाळी तेवढा वाजत नाही. ती वेळ मला खायला उठते.

लेक पुण्याला असते. रविवारी तिचा फोन येतो. “आई, करमते ना तुले?”

“हाव, न करमाले काय झालं?” मी म्हणते. चक्क खोटे. पण तिची नोकरी, तिची आजारी सासू, त्यात माझे रडगाणे कशाला?

एका रविवारी नातीने फोन घेतला. “आजी, आय मिस यू.”

“मार की मंग,” मी म्हटले. “मी उचलत नाही.”

तिकडे लेक-जावई पोट धरून हसले. नात मात्र हसली नाही. “तसा मिस नाही गं आजी. म्हणजे तू इथे नाहीस ना, म्हणून मला बरं वाटत नाही.”

“म्हणजे करमत नाही, असं म्हण ना.”

“हो, पण कोणाशिवाय ते सांगायचं असतं. मिस कोणाला तरी करायचं असतं.”

पोरीचे म्हणणे माझ्या डोक्यातून जाईना. मी आपली नुसती करमत नाही, करमत नाही करत बसलेली, तेही मनातल्या मनात. कोणाशिवाय, ते मी कोणालाच सांगितले नव्हते.

परवा संध्याकाळी पीठ मळले आणि पाहते तर गोळा दोघांचा. ते पीठ पाहून मला रडूच आले. हात कसेबसे पुसले, लेकीचा नंबर लावला, एक रिंग होऊ दिली आणि कापला.

लगेच फोन वाजला. नात होती.

“आजी, मिस मारलास? कोणता? तुझा की माझा?”

चुकून लागला, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

“तुझा,” मी म्हणाले.